आधी बोलणं, मग भूकंप

गेल्या अंकात ५.१ संचाचे (पाच स्पीकर आणि खर्जासाठी वेगळा सबवूफर) स्पीकर खोलीत कुठे मांडावेत ते लिहिलं होतं: समोरच्या दोघांत बसणाऱ्याच्या जागेवरून ६० अंशांचा कोन, मधला थेट पडद्यापाशी आणि सराउंडची जोडी कानांच्या जराशी मागे, ११० अंशांच्या आसपास. शेवटी ‘सेटिंगचं काही अडलं तर कळवा’ असं म्हटलं आणि पत्रांचा ढीग आला. सिनेमाचं ध्वनिमिश्रण हे माझं रोजचं काम असल्यामुळे काही पत्रांत माझ्याच व्यवसायावर तक्रारी आहेत. त्याही छापते आहे.

एक विनंती. संच कुठल्या कंपनीचा हे जवळजवळ सगळ्यांनी पहिल्याच ओळीत लिहिलंय. ते नाही सांगितलंत तरी चालेल. खोली केवढी, सोफा कुठे आणि मधला स्पीकर कुठे ठेवलाय, एवढं मात्र न विसरता लिहा.

प्रश्न : ताई, आवाजाचं मिक्सिंग करताना तुम्ही मंडळी घरी बघणाऱ्यांचा विचार करता की नाही? बोलणं ऐकू यावं म्हणून आवाज वाढवला की पुढच्या मिनिटाला गाडी उडते आणि बाळ उठतं. वडील तर आता स्वतःच्या भाषेतला सिनेमाही सबटायटल लावून बघतात. संच ५.१ चा, चांगला आहे. रिसीव्हर बिघडलाय का?

उत्तर : स्पीकरांना आवाज वाटून देणारा तुमचा रिसीव्हर ठणठणीत असणार. सिनेमाचं मिश्रण ज्या खोलीत होतं तिथे समोरच्या प्रत्येक स्पीकरची पातळी चाचणीच्या खरखरीवर ८५ डेसिबलला लावलेली असते आणि त्यावर आणखी २० डेसिबल, म्हणजे १०५ पर्यंत उसळी घ्यायला जागा ठेवलेली असते. बोलणं त्या उसळीच्या खूप खाली, तुमची ती गाडी उडते ती अगदी वर. एवढं अंतर शांत, बंद थिएटरात पेलतं. घरी तुम्ही सगळाच आवाज १५-२० डेसिबल खाली आणता. गाडी तरी मोठीच वाटते, बोलणं मात्र पंख्याच्या घरघरीखाली जाऊन बसतं. अनेक रिसीव्हरांवर आवाजाचा आकडा उणे दिसतो तो याच हिशेबाने. पातळ्या नीट लावलेल्या असतील तर शून्य म्हणजे मिक्सिंगच्या खोलीतला आवाज आणि उणे २० म्हणजे त्याच्या २० डेसिबल खाली.

आता उपाय. मेनू उघडायच्या आधी उठा आणि मधला स्पीकर बघा. तुम्ही लिहिलेलं नाही, पण तो टीव्हीच्या कपाटात, खणाच्या आत ढकललेला असेल अशी माझी दाट शंका आहे. तिथे त्याच्यापुढे चार बोटं फळी उरते, वर फळी, बाजूला फळी, आणि पात्रं घागरीत तोंड घालून बोलल्यासारखी ऐकू येतात. त्याला ओढून खणाच्या कडेपर्यंत आणा, कडेच्या केसभर पुढे आला तरी उत्तम. मग पुढच्या बाजूखाली रबराचा तुकडा सारा, म्हणजे तोंड वर होईल आणि ट्वीटर (उंच सुरांचा छोटा शंकू) बसलेल्या माणसाच्या कानाकडे बघेल. खाली ठेवलेला सेंटर स्पीकर सरळ सोडला तर बोलणं गुडघ्यांना ऐकवतो.

मग पातळी. रिसीव्हरच्या मेनूत ‘टेस्ट टोन’ असतो, एकेका स्पीकरमधून तो खरखर सोडतो. फोनवर आवाज मोजायचं एखादं ॲप घ्या, त्यात ‘सी’ आणि ‘स्लो’ निवडा, फोन कानाच्या उंचीवर धरा आणि प्रत्येक स्पीकर ७५ ला आणा. फोनचा आकडा खरा ७५ असेलच असं नाही, पण आपल्याला स्पीकरांची एकमेकांशी तुलना करायची आहे. तेवढ्याला तो पुरतो. सगळे समान झाले की मधल्याला दीड-दोन डेसिबल वर चढवा. तीनच्या पुढे जाऊ नका. बोलणं चित्रातून सुटून कपाटातून यायला लागतं.

एवढ्यावर भागलं नाही तर ‘नाइट मोड’, ‘डायनॅमिक रेंज’ किंवा ‘डायनॅमिक व्हॉल्यूम’ अशा नावाचं जे काही तुमच्या मेनूत असेल ते मधल्या पायरीवर लावा. तो खालचा आवाज वर आणि वरचा खाली करतो. मिक्सिंग करणारी बाई म्हणून मला त्याने यातना होतात. पण बाळ झोपलेलं राहणार असेल तर खुशाल लावा.

वडिलांसाठी आणखी एक. वय वाढतं तसं कान आधी उंच पट्टीत मंदावतो, आणि स, श, च, फ ही व्यंजनं ओळखता येतात ती २,००० हर्ट्झच्या वरच्या भागातून. ‘सात’ की ‘हात’ हा घोळ तिथूनच होतो. अशा वेळी लोक खर्ज वाढवतात, कारण त्याने आवाज ‘भरलेला’ वाटतो. तो भरलेला खर्ज नेमकी हीच व्यंजनं झाकतो. सबवूफर दोन डेसिबल खाली आणा आणि वडिलांनाच विचारा. मी परीक्षेला सिनेमा कधीच लावत नाही, बातम्या लावते. बातम्या देणाऱ्याच्या आवाजात संगीत नसतं, पाऊस नसतो, लपायला जागा नसते.

प्रश्न : रिसीव्हरच्या ऑटो कॅलिब्रेशनने (माइक लावून होणाऱ्या आपोआप मोजणीने) माझे समोरचे टॉवर स्पीकर ‘लार्ज’ ठरवले, क्रॉसओव्हर दाखवतच नाही. एके ठिकाणी वाचलं की ते ‘स्मॉल’ करावेत. माझा भाऊ म्हणतो, छातीएवढ्या उंच स्पीकरला ‘स्मॉल’ म्हणणं हा त्याचा अपमान आहे.

उत्तर : भावाला सांगा, स्पीकरला मान-अपमान नसतो, ॲम्प्लिफायरला मात्र दम लागतो. या दोन शब्दांचा स्पीकरच्या उंचीशी काही संबंध नाही. ‘स्मॉल’ म्हणजे ठरावीक रेषेखालचा (ही रेषा म्हणजेच क्रॉसओव्हर) खर्ज या स्पीकरला न देता सबवूफरकडे वळवणे. ‘लार्ज’ म्हणजे सगळंच त्याच्या गळ्यात घालणे. समोरचे ‘लार्ज’ केले की त्यांचा खर्ज सबकडे जात नाही, सबच्या वाट्याला साउंडट्रॅकमधली ती खास खर्जाची ‘.१’ वाहिनी आणि बाकीच्या ‘स्मॉल’ स्पीकरांचा खर्ज तेवढा उरतो. मग वर्षभर पैसे साठवून आणलेला सब गाणी ऐकताना कोपऱ्यात स्वस्थ बसतो आणि तुम्ही मला पत्र लिहिता.

रेषा ८० हर्ट्झवर ठेवा. हा आकडा टीएचएक्सच्या (सिनेमाच्या आवाजाचे निकष ठरवणाऱ्या संस्थेच्या) नियमावलीतून घराघरात आला आणि टिकला तो कारण असल्यामुळे. ८० हर्ट्झची लाट सव्वाचार मीटर लांब असते. एवढी लांब लाट कुठून आली हे आपल्या दोन कानांना सांगता येत नाही, त्यामुळे ती टॉवरमधून आली काय आणि सबमधून आली काय, स्फोट पडद्यावरच झाल्यासारखा वाटतो. टॉवरच्या शंकूला मोठ्या हेलकाव्यांतून सुटका मिळते आणि त्याचं मधलं क्षेत्र स्वच्छ होतं. रिसीव्हरच्या ॲम्प्लिफायरला सगळ्यात जास्त ताकद खर्जातच खर्च करावी लागते, तीही वाचते. सबला त्याचा स्वतःचा ॲम्प्लिफायर असतो.

बाकी स्पीकरांसाठी त्यांच्या माहितीपत्रकात खालची मर्यादा बघा. ६० हर्ट्झ लिहिलं असेल तर रेषा ८० ला, ८० लिहिलं असेल तर १०० ला. तळहाताएवढे सराउंड असतील तर १२० सुद्धा. मधला स्पीकर कपाटात ठेवण्यावाचून गत्यंतर नसेल तर त्याची रेषा १०० करा, कपाट घुमणं कमी होईल. १५० पर्यंत जायची वेळ आली तर सब समोरच्या स्पीकरांजवळच ठेवा, कारण तिथे कानाला दिशा कळू लागते आणि पुरुषपात्रं सबमधून बोलल्याचा भास होतो. ऑटो कॅलिब्रेशनने ठरवलेली रेषा वर न्यायला हरकत नाही. खाली मात्र आणू नका. माइकला त्या स्पीकरमधून जे ऐकू आलं नाही ते मेनूतला आकडा बदलून ऐकू येणार नाही.

दोन खाचखळगे. सबवूफरच्या पाठीमागे क्रॉसओव्हरची एक खुंटी असते. रिसीव्हर रेषा आखत असेल तर ती खुंटी पार शेवटपर्यंत वर फिरवा, किंवा ‘एलएफई’ नावाचं बटण असेल तर ते दाबा. नाहीतर चाळणीवर चाळणी बसते आणि ६० ते १०० मध्ये खड्डा पडतो. आणि मेनूतलं ‘एलपीएफ फॉर एलएफई’ (एलएफई म्हणजे तीच ‘.१’ वाहिनी) १२० वरच राहू द्या, ती वाहिनी तेवढ्यापर्यंतच असते. ‘एलएफई प्लस मेन’ हा पर्याय दिसला तर पुढे चला.

जाता जाता: ५.१ मधला हा पॉइंट वन ध्वनी अभियंता टॉमलिन्सन होलमन यांनी १९८७ मध्ये सिनेमा-टीव्ही अभियंत्यांच्या बैठकीत मांडला. टीएचएक्समधली पहिली दोन अक्षरंही त्यांच्याच नावातली. खर्जाची वाहिनी पूर्ण नाही, थोडीशीच, एवढाच त्या ०.१ चा अर्थ. तिच्या १२० हर्ट्झला पूर्ण वाहिनीच्या २०,००० ने भागलं तर ०.००६ येतं. ‘पाच पॉइंट शून्य शून्य सहा’ या नावाने कुणी संच विकत घेतला असता असं वाटत नाही.

प्रश्न : सबवूफर माझ्या खुर्चीपासून २.६ मीटरवर आहे, टेपने मोजलंय. ऑटो कॅलिब्रेशन ४.१ दाखवत होतं. एवढी ढोबळ चूक! मी आकडा दुरुस्त केला. बाकीचे आकडेही तपासू का?

उत्तर : ४.१ परत टाका. आत्ताच्या आत्ता.

मेनूत ‘डिस्टन्स’ लिहिलेलं असतं, पण यंत्र मोजतं वेळ. आवाज एका मिलिसेकंदात साधारण ३४ सेंटिमीटर जातो. सब त्याला मिळालेल्या सिग्नलवर आधी आतल्या आत गाळणी लावतो, त्यात चार-पाच मिलिसेकंद जातात आणि मग आवाज बाहेर पडतो. माइकला तो उशीर अंतरासारखाच दिसतो. तुमच्याकडचा दीड मीटरचा फरक म्हणजे सुमारे ४.४ मिलिसेकंद, अगदी नेहमीचा. तुम्ही आकडा कमी केल्यावर रिसीव्हरला वाटलं सब जवळ आहे, म्हणून त्याने त्याला आणखी थांबवलं. उशिरा येणाऱ्याला दारात अडवून ठेवल्यावर तो वेळेवर कसा पोचणार?

बाकीच्या स्पीकरांचे आकडे मात्र जरूर ताडून बघा. तिथे टेप आणि मेनू यांत वीत-दीड वीत फरक चालतो, त्याहून जास्त असेल तर माइक चुकीच्या जागी होता. हे आकडे का महत्त्वाचे? समजा समोरचे स्पीकर ३ मीटरवर आणि डावा सराउंड दीड मीटरवर आहे. काहीच सेटिंग केलं नाही तर सराउंडचा आवाज ४.४ मिलिसेकंद आधी पोचेल. सारखाच आवाज दोन ठिकाणांहून आला तर जो आधी पोचतो त्या बाजूलाच तो आहे असं आपला मेंदू ठरवतो, दुसरा थोडा मोठा असला तरीही. मग सगळा सिनेमा डाव्या खांद्यावर येऊन बसतो. रिसीव्हर जवळच्यांना थांबवून सगळ्यांना एकाच वेळी पोचवतो. म्हणूनच आकडा वाढवला की तो स्पीकर लवकर बोलतो आणि कमी केला की उशिरा. बहुतेकांचा इथेच गोंधळ उडतो.

माइक ठेवण्याबद्दल. सोफ्याच्या पाठीवर नाही, उशीवर नाही, हातात तर मुळीच नाही. कॅमेऱ्याचा तिवई स्टँड घ्या, माइकचं टोक कानाच्या उंचीला आणि सोफ्याच्या पाठीपासून वीतभर पुढे. पंखा, एसी बंद. पहिलं मोजमाप तुमच्या नेहमीच्या जागेवरच घ्या, कारण अनेक यंत्रणा अंतर आणि पातळी पहिल्या जागेवरूनच ठरवतात. पुढची मोजमापं डोक्याच्या आजूबाजूला, फूट-दोन फुटांत. घरातली एकूण एक खुर्ची मोजत फिरलात तर सरासरीच्या नादात तुमची जागा बिघडते.

सबचा आकडा आणखी घोटायचा असेल तर ८० हर्ट्झचा सलग सूर लावा, समोरचा एक स्पीकर आणि सब दोघेही चालू ठेवा आणि खुर्चीत बसून सबचा आकडा थोडाथोडा हलवा. एका जागी सूर फुगतो, एका जागी जवळजवळ विझतो. फुगतो तिथे थांबा. विझतो तिथे दोघे एकमेकांना खाताहेत. सबच्या मागचं ० आणि १८० लिहिलेलं बटणही याच कामासाठी आहे.

प्रश्न : सोफ्यावर खर्ज अजिबात जाणवत नाही. पाणी प्यायला उठून दाराशी गेलं की पोटात गोळा येईल इतका येतो. सब जास्तीत जास्तवर आहे. इक्वलायझरने सोफ्यावर आणता येईल का?

उत्तर : नाही. आणि सब जास्तीत जास्तवर ठेवून तुम्ही दाराशी उभं राहणाऱ्याची सोय करताय.

खर्जाच्या लाटा भिंतीवर आपटून परत येतात आणि येणारी-जाणारी मिळून खोलीत काही जागी डोंगर, काही जागी खड्डे करतात. ३४३ ला (आवाजाचा सेकंदाला मीटरमधला वेग) खोलीच्या लांबीच्या दुपटीने भागा. ५ मीटर लांब खोलीत ३४ हर्ट्झच्या आसपास पहिला असा डोंगर येतो, भिंतींपाशी शिखर आणि बरोबर मध्यावर खड्डा. तुमचा सोफा खोलीच्या मध्यावर आहे असं तुम्ही पत्राच्या शेवटी सहज लिहून गेलात. सगळं उत्तर त्या एका वाक्यात आहे. इक्वलायझर डोंगर कापतो, पण खड्डा त्याला भरता येत नाही. खड्ड्यात आवाज कमी पडत नसतो, दोन आवाज एकमेकांना मारत असतात. एक वाढवला की दुसराही वाढतो आणि ताकद मात्र दुप्पट जाते.

यावर एक जुना, थोडा हास्यास्पद आणि हमखास चालणारा उपाय आहे. सबवूफर उचलून सोफ्यावर, तुमच्या जागी ठेवा. बेस गिटारची एकच ओळ सारखी वाजत राहील असं काहीतरी लावा. आणि स्वतः खोलीभर रांगत फिरा, डोकं सबच्या उंचीला ठेवून. ध्वनीचा मार्ग उलटा केला तरी तोच राहतो, त्यामुळे तुम्हाला जिथे खर्ज समतोल ऐकू येईल तिथे सब ठेवला की सोफ्यावर तसाच ऐकू येतो.

माझ्या मावसबहिणीकडे हे केलं तेव्हा तिचा नवरा रांगायला तयार होईना, म्हणून ती स्वतःच निघाली. खिडकीखाली प्रत्येक सूर सारखाच ‘हूं हूं’. कोपऱ्यात नुसती घुमणारी धग. टीव्हीच्या डाव्या हाताला एकेक सूर ओळखू येत होता, पण सगळ्यात खालचा गायब. पुस्तकांच्या मांडणीशी, कोपऱ्यापासून हातभर अलीकडे ती थांबली आणि तिने बोट वर केलं. तिथे चारही सूर सारख्या वजनाचे होते, वेगळे ऐकू येत होते आणि सूर थांबला की थांबत होता. मोठा खर्ज सापडला की लोक तिथेच थांबतात. तिने तसं केलं नाही म्हणून जागा बरोबर सापडली. ज्या जागी सूर मोजता येतात ती जागा शोधायची.

सब हलवायला जागाच नसेल तर सोफा हलवा. फूटभर मागे किंवा पुढे गेलात तरी फरक पडतो. नंतर सबची आवाजाची खुंटी मध्यावर आणा आणि कॅलिब्रेशन पुन्हा करा. त्यानंतर मेनूत सबची पातळी उणे १२ सारख्या टोकाला गेलेली दिसली तर खुंटी अजून जास्त आहे असं समजा. ती थोडी उतरवा आणि परत चालवा.

प्रश्न : सराउंड कानांच्या मागे हवेत असं तुम्ही लिहिलंत. आमचा सोफा भिंतीला टेकलेला आहे. मागे म्हणजे शेजाऱ्यांकडे ठेवू का?

उत्तर : शेजाऱ्यांना आधीच ऐकू येतंय. तुमचे सराउंड सोफ्याच्या दोन बाजूंना, सरळ ९० अंशांवर लावा, बसलेल्याच्या कानापेक्षा फूट-दीड फूट वर. तोंड कानात न रोखता समोरच्या भिंतीच्या दिशेने थोडं वळवा, म्हणजे जवळ बसलेल्याच्या कानशिलावर आवाज आदळणार नाही. मागच्या भिंतीवर डोक्यामागे टांगू नका. आणि ७.१ चा विचार सोडून द्या. त्यातले जादाचे दोन स्पीकर मागेच लागतात आणि तुमच्याकडे मागे नाही. सोफा एक फूट पुढे आणता आला तर मात्र माझ्या सगळ्या सल्ल्यांपेक्षा त्याचा जास्त उपयोग होईल.

प्रश्न : मागचे दोन स्पीकर बहुतेक वेळ गप्प असतात. वायर बदलून पाहिल्या. पातळी सहाने वाढवली तरी तेच.

उत्तर : टेस्ट टोन त्यांच्यातून येतो ना? मग वायर ठीक आहे. आता सिनेमा सुरू असताना रिसीव्हरच्या पट्टीवर काय लिहून येतं ते वाचा. ‘स्टिरिओ’ किंवा ‘पीसीएम’ दिसलं तर सराउंडचा सिग्नल येतच नाहीये. टीव्हीच्या आवाजाच्या मेनूत डिजिटल आउटपुट ‘पीसीएम’ वर असेल, ते ‘ऑटो’, ‘बिटस्ट्रीम’ किंवा ‘पास थ्रू’ करा. टीव्हीकडून रिसीव्हरला आवाज आणणारी साधी एआरसी जोडणी ५.१ आणते ती दाबलेल्या स्वरूपात, डॉल्बी डिजिटलसारख्या. पीसीएम निवडलं की तिच्यातून दोनच वाहिन्या येतात.

पट्टीवर ‘डॉल्बी’ दिसत असूनही ते गप्प असतील तर ते त्यांचं काम चोख करताहेत. दोन माणसं बंद खोलीत बोलत असताना मागून काय यायचं? मुळात दोनच वाहिन्यांचा कार्यक्रम असेल तर ‘डॉल्बी सराउंड’ हा पर्याय निवडा, तो त्यातून बोलणं मध्ये आणि आसमंत मागे काढून देतो. ‘ऑल चॅनल स्टिरिओ’ हा पाहुण्यांनी भरलेल्या घरासाठी आहे, सिनेमासाठी नाही. आणि ते वाढवलेले सहा डेसिबल आधी काढा, नाहीतर पहिल्या खऱ्या सराउंडच्या प्रसंगाला खुर्चीतून उडाल.

प्रश्न : शब्द आधी ऐकू येतात आणि ओठ नंतर हलतात. चीड येते.

उत्तर : येणारच. निसर्गात आवाज कधीही प्रकाशाच्या आधी पोचत नाही, त्यामुळे मेंदूला हे सहन होत नाही. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या शिफारशीनुसार आवाज ४५ मिलिसेकंद पुढे गेला तरी लोकांच्या लक्षात येतो, मागे पडला तर मात्र १२५ पर्यंत खपतो. तुमचा टीव्ही चित्र सजवण्यात वेळ घालवतोय. रिसीव्हरमध्ये ‘लिप सिंक’ किंवा ‘ऑडिओ डिले’ शोधा आणि २० मिलिसेकंदांच्या पावलांनी वाढवत जा. दार आपटण्याचा किंवा टाळीचा प्रसंग लावून ठरवा, बोलण्यावर नको. किंवा टीव्हीत चित्र गुळगुळीत करणाऱ्या सगळ्या सोयी बंद करा, ओठही जुळतील आणि सिनेमा सिनेमासारखा दिसेल.

उलटी तक्रार असलेल्या दोघांना, म्हणजे ज्यांचा आवाज मागे पडतो त्यांना: डिले शून्यावर आहे ना ते बघा आणि प्लेअर टीव्हीऐवजी थेट रिसीव्हरला जोडा.

प्रश्न : कॅलिब्रेशन सुरू केलं की ‘फ्रंट लेफ्ट, फेज’ अशी सूचना येते आणि थांबतं.

उत्तर : त्या स्पीकरच्या दोन्ही टोकांना वायर बघा. लाल लालला आणि काळी काळीला हवी. बरोबर असेल तर ‘स्किप’ दाबून पुढे जा. काही स्पीकरांत आतली मांडणीच अशी असते की माइकला उलटं वाटतं. खात्रीसाठी फक्त समोरची जोडी चालू ठेवून एका माणसाचं बोलणं ऐका. ते दोघांच्या बरोबर मध्ये, एका जागी उभं राहिलं तर ठीक. खोलीभर पसरलं, जागा सापडेना आणि आवाज पातळ झाला तर वायर खरंच उलटी आहे.

प्रश्न : रात्री हळू आवाजात बघतो तेव्हा सगळं पोकळ वाटतं. दिवसा तेच सेटिंग छान असतं. रात्रीचं वेगळं काय ठेवू?

उत्तर : तुमचे कान रात्री बदलत नाहीत, आवाजाची पातळी बदलते. पातळी उतरली की कानाला खर्ज बाकीच्यापेक्षा जास्त वेगाने कमी ऐकू येतो. फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्येच हे मोजून वक्र काढले होते. रिसीव्हरमध्ये ‘लाउडनेस’ किंवा ‘डायनॅमिक ईक्यू’ असेल तर तो याचीच भरपाई करतो, जेवढा आवाज कमी तेवढा खर्ज वर. रात्रीपुरता लावा. त्याच्या जोडीला नाइट मोड, आणि मधला स्पीकर आणखी एक डेसिबल वर.

घरात कुणी झोपलेलं असेल किंवा भिंतीपलीकडे कुणी राहत असेल तर मात्र पोकळ वाटलं तरी सब तीन-चार डेसिबल उतरवा. बोलणं एका भिंतीत अडतं, ३० हर्ट्झ दोन भिंती ओलांडून जातो. बऱ्याच रिसीव्हरांत दोन सेटिंग वेगवेगळ्या नावाने जपता येतात. एक दिवसाचं, एक रात्रीचं करून ठेवा आणि रिमोटवरच्या बटणाला जोडा. ते जमत नसेल तर मेनूच्या पानांचे फोनवर फोटो काढा आणि सकाळी आकडे परत आणा. परत आणायला विसरलेल्यांची पत्रं माझ्याकडे येतात, ‘सबवूफर मेला का’ म्हणून.